भाड्याची वही

अप्पा बळवंत चौकातून घेतलेली एक लांबट वही आहे माझ्याकडे, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानदार उधारीला वापरतात तसली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये धायरीचा फ्लॅट घेतला त्या दिवशी सुरू केली. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दिवसभर एक्सेलमध्येच असते, तरी हा हिशोब हाताने लिहिते, कारण हाताने लिहिलं की आकडा डोक्यात राहतो. मागच्या महिन्यात भाची आणि तिचा नवरा घरी आले होते. दोघं आयटीत, पगार चांगले, रावेतकडे एक टूबीएचके बघून आले होते. म्हणाली, मावशी, आम्ही इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतोय, भाड्यातून ईएमआय जातोच ना बऱ्यापैकी? मी काही बोलले नाही, कपाटातून वही काढून तिच्यासमोर ठेवली आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर दोघं पहिल्या पानावरच अडकलेले.

त्या पहिल्या पानाबद्दल आधी सांगते, कारण बहुतेक लोकांचं गणित तिथेच चुकतं. फ्लॅट रीसेलचा, पन्नास लाखांचा. कर्ज चाळीस लाख. तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे दहा लाख आपले. एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि दहा लाख जमले की लोकांना वाटतं झालं. पण स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन त्या ८० टक्क्यांत धरत नाहीत, ते पूर्ण आपल्या खिशातून. मी एकटीच्या नावावर घेतला म्हणून एक टक्का सवलत मिळाली आणि तेव्हा पुण्यात मेट्रोचा सेस सुरू व्हायचा होता, म्हणून ५ टक्क्यांत भागलं, अडीच लाख. आज तोच फ्लॅट नवऱ्याच्या किंवा दोघांच्या नावावर घेतला तर ७ टक्के, साडेतीन लाख. (त्या सवलतीला तेव्हा अट होती की पंधरा वर्षं पुरुष खरेदीदाराला विकायचं नाही, २०२३ मध्ये ती काढून टाकली, फार बरं झालं.) रजिस्ट्रेशन फी तीस हजार, एजंट एक टक्का म्हणजे पन्नास हजार, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी स्वच्छ आहे का त्याचा) बारा हजार, बँकेची प्रोसेसिंग, व्हॅल्युएशन, गहाणखताची ड्युटी, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी नोंद) वगैरे मिळून बावीस हजार. सोसायटीची ट्रान्स्फर फी, जी महापालिका हद्दीत पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, ती विकणाऱ्यात आणि माझ्यात निम्मी निम्मी, साडेबारा हजार. आणि मग रंग, वायरिंग, किचनचा गळका नळ, गीझर, खिडक्यांना जाळ्या, एक लाख पासष्ट हजार. खाली बेरीज पाच लाख एकेचाळीस हजार पाचशे. म्हणजे पन्नास लाखांचं घर घ्यायला दहा नाही, साडेपंधरा लाख रोख लागले. ते साडेपाच लाख मी आईच्या एफडीतून उसने घेतले होते आणि परत करायला मला दोन वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट त्याच पानावर लाल पेनने लिहिलेली आहे. व्यवहार पन्नास लाख किंवा त्याहून जास्तीचा असला की विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावचा आगाऊ टॅक्स) घेणाऱ्याने कापायचा आणि ऑनलाइन फॉर्म (माझ्या वेळी २६क्यूबी होता) भरून सरकारकडे जमा करायचा. जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारे काका म्हणाले होते, अहो ताई, कशाला, द्या की सगळे पैसे मला, मी भरतो टॅक्स. मी ऐकलं नाही. माझ्या ओळखीत एकाला या एका गोष्टीसाठी तीन वर्षांनी नोटीस आली, व्याज आणि लेट फीसकट.

आता मी ही वही का लिहिते ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही नारायण पेठेत एका वाड्यात भाड्याने राहायचो. दोन खोल्या, वर कौलं, महिना सदतीस रुपये भाडं. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, सदतीस रुपये. बाबा दर महिन्याला ते मालक आजोबांना नेऊन द्यायचे आणि पावती घेऊन यायचे. पावसाळ्यात त्या दोन खोल्यांत आम्ही पातेली, तपेली, बादल्या मांडून झोपायचो, गळणारी जागा दर वर्षी बदलायची आणि आई रात्री उठून पातेलं सरकवायची. मे महिना आला की शाकारणीवरून भांडण ठरलेलं. बाबा म्हणायचे कौलं शाकारून द्या, मालक आजोबा म्हणायचे सदतीस रुपयांत माणूस तरी येतो का वर चढायला? आम्हा मुलांना ते कंजूष वाटायचे, आम्ही त्यांच्याशी बोलायचो नाही. बाबा स्वतःच एक माणूस बोलावून आमच्या डोक्यावरची तेवढी कौलं नीट करून घ्यायचे, पण वासेच कुजलेले, वरची कौलं सरळ करून काय होणार. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती ती तशीच राहिली, नवा कायदा १९९९ चा आला आणि त्यात वर्षाला ४ टक्के वाढ करायला मुभा मिळाली, पण सदतीस रुपयांवर चार टक्के म्हणजे दीड रुपया. तोपर्यंत आमच्या वाड्याची मागची भिंत टेकूवर उभी होती.

मालक आजोबा वाईट नव्हते हे मला वयाच्या चाळिशीनंतर, हातात ही वही घेतल्यावर कळलं. घर म्हणजे दर वर्षी थोडं थोडं मोडणारी वस्तू आहे. ते मोडणं भरून काढायचे पैसे भाड्यातूनच यायला हवेत, आणि ते येत नसतील तर घर पडतं, मग मालक कितीही चांगला असो आणि भाडेकरू कितीही चांगला असो. आमच्या वाड्यात भाडं एका वहीत होतं आणि दुरुस्ती कुठल्याच वहीत नव्हती. म्हणून माझ्या वहीत दोन्ही एकाच पानावर समोरासमोर आहेत. डावीकडे आलेलं, उजवीकडे गेलेलं.

पहिल्या पूर्ण वर्षाचं पान भाचीला वाचून दाखवलं. भाडं पंधरा हजार. पण बारा महिन्यांचं नाही, अकरा महिन्यांचं, कारण एक महिना फ्लॅट रिकामा होता. एक लाख पासष्ट हजार. उजवीकडे सोसायटीचा मेंटेनन्स महिना बावीसशेप्रमाणे सव्वीस हजार चारशे. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस अठराशे. हे एक नीट समजून घ्या, भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मन मानेल तसं जादा घेऊ शकत नाही, मेंटेनन्समधला जो सर्व्हिस चार्जेसचा भाग असतो फक्त त्याच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतं, राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. आमच्या सोसायटीत आधी सरसकट महिना हजार रुपये लावले होते, मी तो आदेश छापून सेक्रेटरी काकांना नेऊन दिला, शांतपणे बसून बोलले, पुढच्या बिलात दुरुस्त झालं. प्रॉपर्टी टॅक्स नऊ हजार सहाशे. पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्याला असते, भाड्याने दिलेल्या घराला नाही, त्यामुळे आधीच्या मालकाचं जुनं बिल बघून अंदाज बांधू नका. एजंटला एका महिन्याचं भाडं, पंधरा हजार. अॅग्रीमेंटचा माझ्या वाट्याचा खर्च हजार. किरकोळ दुरुस्त्या अकरा हजार. उजवीकडची बेरीज चौसष्ट हजार आठशे. राहिले एक लाख दोनशे.

पन्नास लाखांवर एक लाख म्हणजे दोन टक्के. आणि ईएमआय वर्षाचा तीन लाख पासष्ट हजार. म्हणजे पहिल्या वर्षी दर महिन्याला बावीस हजार मी माझ्या पगारातून त्या फ्लॅटमध्ये घातले. भाचीचा नवरा म्हणाला, पण किंमत वाढते ना? वाढते, काही भागांत चांगली वाढते, पण ती वाढलेली किंमत विकेपर्यंत तुमच्या हातात येत नाही आणि बावीस हजार मात्र दर पाच तारखेला जातात. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो की हे बावीस हजार तुम्ही किती वर्षं, कुठल्या पगारातून, आणि नोकरी गेली तर कशातून भरणार? याचं उत्तर कागदावर लिहून काढा, मग बुकिंगचा चेक फाडा.

कर्जाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय, कारण तिथे मी स्वतः घाबरलेय. २०२१ मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ टक्के होता, होम लोन पावणेसात टक्क्यांना मिळालं, वीस वर्षं, ईएमआय तीस हजार चारशे पंधरा. मी निर्धास्त. ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. माझा व्याजदर सव्वानऊ. पण ईएमआय तेवढाच कापला जात होता म्हणून मला काही जाणवलंच नाही, पगार खात्यातून तीस हजार चारशे पंधरा जातायत, जाऊ देत. मार्च एंडिंगला इन्कम टॅक्ससाठी लोन स्टेटमेंट काढलं आणि ऑफिसमध्ये बसल्या बसल्या माझे हात गार पडले. मार्चच्या हप्त्यात मुद्दलात गेले होते चारशे रुपयांच्या आत. तीस हजार व्याज, चारशे मुद्दल! बँकेने ईएमआय न वाढवता मुदत वाढवत नेली होती, आणि त्या दराने नि त्या हप्त्याने कर्ज फिटायला मी गणित केलं तर सत्तेचाळीस वर्षं येत होती. मी तेव्हा पंचेचाळीसची होते.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून ब्रँचला गेले आणि ईएमआय वाढवून मागितला, मूळ मुदतीत बसेल असा, साधारण छत्तीस हजार सातशे झाला. महिन्याला सहा हजार तीनशे जास्त. जड गेलं, मुलाच्या क्लासची फी त्याच वर्षी वाढली होती, पण वहीत मुद्दलाचा आकडा परत हलायला लागला तेव्हा नीट झोप लागली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं की दर बदलला की ग्राहकाला कळवा, ईएमआय वाढवायचा की मुदत की दोन्ही हे त्याला विचारा, आणि हप्ता व्याजापेक्षा कमी पडून कर्ज उलटं वाढत जाईल असं होऊ देऊ नका. तरीसुद्धा दर सहा महिन्यांनी स्टेटमेंट काढून मुद्दल किती कमी झालं ते स्वतः बघा, अॅपवर दोन मिनिटांचं काम आहे. आणि फ्लोटिंग रेटच्या होम लोनला वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंट चार्ज घेत नाहीत, त्यामुळे दिवाळीचा बोनस, एखादी पॉलिसी मॅच्युअर झाली, काहीही असू दे, पन्नास हजार का होईना मुद्दलात भरा. सुरुवातीच्या वर्षांत भरलेले पन्नास हजार शेवटच्या वर्षांतल्या पन्नास हजारांपेक्षा कितीतरी जास्त व्याज वाचवतात. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, माझा दरही उतरला, बँकेने हप्ता कमी करू का विचारलं, मी नाही म्हटलं. हप्ता तोच ठेवला, मुदत कमी होऊ दिली.

टॅक्सचं थोडक्यात सांगते. भाड्यातून भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा, मग उरलेल्याचे ३० टक्के सरसकट वजा (तुमचा खर्च झाला असो वा नसो), मग कर्जाचं व्याज वजा. पहिल्या काही वर्षांत व्याज भाड्यापेक्षा जास्त असल्याने तोटा दिसतो. जुन्या पद्धतीत हा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या पद्धतीत पगारातून काहीच वजा होत नाही. आता बहुतेक जण नव्या पद्धतीत आहेत, आणि फ्लॅट विकायला बसलेला माणूस मात्र अजूनही 'टॅक्स वाचतो' हेच वाक्य ऐकवतो. आपल्या सीएला विचारून घ्या, विकणाऱ्याला नाही.

आता भाडेकरू. माझ्याकडे पहिल्यापासून एकच कुटुंब आहे, नवरा खासगी कंपनीत सुपरवायझर, ती घरी ब्लाउज शिवते, दोन मुलं, सोलापूरकडची माणसं. फ्लॅट रिकामा होता तेव्हा एजंटने आधी तीन बॅचलर मुलं आणली होती, सतरा हजार द्यायला तयार. सोसायटीतल्या काही लोकांनी नाकं मुरडली, मला त्याचं पटलं नाही, मुलं चांगली होती, पण त्यांनाच नंतर ऑफिसजवळ जागा मिळाली. मग हे कुटुंब आलं. मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं की अॅग्रीमेंट रजिस्टर करायचं, नोटरीवाला कागद नाही. एजंट म्हणाला, मॅडम, पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, सगळे तेच करतात. खर्चात फार फरक पडतो असंही नाही. पंधरा हजार भाडं आणि पंचेचाळीस हजार डिपॉझिटच्या अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटला पाव टक्क्याने स्टॅम्प ड्युटी पाचशेच्या आत येते, शहरी भागात रजिस्ट्रेशन हजार, वर डॉक्युमेंट हँडलिंगचे तीनशे, आणि माणूस घरी येऊन अंगठे नि फोटो घेऊन जातो. पण फायदा केवढा मोठा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, नोंदवला नाही तर दंड पाच हजारांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि मुख्य म्हणजे वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, खोटं ठरवायचं तर तुम्ही सिद्ध करा. उलट लिव्ह अँड लायसन्स (हेच अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट) नोंदवलेलं असेल तर मुदत संपून जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे कलम २४ खाली जाता येतं आणि तोपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. पोलीस व्हेरिफिकेशनही ऑनलाइन होतं, करून टाका.

त्यांनाही या कागदाचा उपयोग झाला, धाकटीला शाळेत घालताना पत्त्याचा पुरावा म्हणून तोच दिला. भाडेकरूच्या हातात नीट कागद असला की त्याला घर आपलं वाटतं. बाबा मालक आजोबांकडून आणलेल्या पावत्या सुतळीत ओवून खुंटीला अडकवून ठेवायचे, मला आठवतंय, घरात दुसरं काही जपलं नाही तेवढ्या त्या पावत्या जपल्या.

भाडं वाढवायच्या वेळी एजंटचा फोन येतोच. २०२२ नंतर ऑफिसं उघडली आणि पुण्यात भाडी झपाट्याने चढली, तो म्हणाला, मॅडम, यांना काढा, बावीस हजारांचं गिऱ्हाईक उभं आहे. मी वही उघडली. एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या उत्पन्नाचे आठ टक्के गेले. वर एजंटला एक महिना. वर नवीन माणसासाठी रंग. वर नवीन माणूस कसा निघेल ते माहीत नाही. यांनी पाच वर्षांत एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे जाऊ दिलेलं नाही. मी दर अॅग्रीमेंटला पाच-सहा टक्के वाढवत आज साडेअठरावर आलेय, बाजारभावापेक्षा कमी आहे हे मला माहितीये आणि मी समाधानी आहे.

बाथरूमची गोष्ट सांगायलाच हवी. २०२३ च्या पावसाळ्यात खालच्या काकूंचा फोन, ताई, आमच्या बाथरूमच्या स्लॅबला ओल आलीये, पोपडे पडतायत. मी रविवारी गेले. त्यांच्या घरात स्टुलावर चढून बघितलं, ट्यूबलाइटच्या बाजूला बशीएवढा पिवळा डाग, मधे थेंब लोंबकळतोय, पडत नाहीये. थोडा वेळ तशीच बघत उभी राहिले. नारायण पेठेतलाच थेंब तो, फक्त आता मी वरच्या मजल्यावर होते. सोसायटीचे नियम साधारण असे की गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून गळलं तर खर्च सोसायटीचा, तुमच्या संडास-बाथरूममधून खाली उतरलं तर तुमचा. म्हणजे माझा.

सोसायटीच्या वॉचमनने एक वयस्कर प्लंबर काका गाठून दिले. त्यांनी आल्या आल्या फोडाफोड सुरू केली नाही, मला ते फार आवडलं. नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाला) ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवला, बाथरूममध्ये दोन बोटं पाणी साठवलं आणि माझ्या भाडेकरणीकडून कपड्यांची नीळ मागून घेऊन त्यात ढवळली. म्हणाले, उद्या याच वेळेला बघू. दुसऱ्या दिवशी खालच्या स्लॅबवरचा थेंब निळा. म्हणजे पाइपलाइन नाही, फरशीखालूनच झिरपतंय, वॉटरप्रूफिंग गेलेलं. मग काम निघालं. फरशी उखडली, खालचा विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा पूर्ण काढला, नवा ट्रॅप, केमिकलचे दोन हात, परत कोबा, परत दोन दिवस पाणी भरून चाचणी, मग फरशी, सांध्यांत ग्राउट. नऊ दिवस, अडतीस हजार. त्याआधी एका कॉन्ट्रॅक्टरने नुसतं वरून सांधे भरून सहा हजारांत करून देतो म्हटलं होतं, आणि खरं सांगते, मोह झाला होता. पण वरवर भरलेलं पुढच्या पावसात परत उघडतं आणि तोपर्यंत खालच्यांच्या स्लॅबची सळई गंजलेली असते.

त्या नऊ दिवसांत ते कुटुंब एकाच बाथरूमवर होतं, घरभर सिमेंटची धूळ, तिच्या शिवणाच्या ऑर्डरी चादरीखाली झाकून ठेवलेल्या. मी त्या महिन्याचं भाडं पाच हजारांनी कमी घेतलं. ती म्हणाली, ताई, राहू द्या, तुमचाच एवढा खर्च झालाय. मी नाही घेतलं. वहीत उजवीकडे दोन ओळी आहेत, बाथरूम ३८,०००, भाडे सूट ५,०००.

तेव्हापासून एक वेगळं बचत खातं उघडलंय, फक्त फ्लॅटसाठी. भाडं त्यातच येतं, मेंटेनन्स नि टॅक्स त्यातूनच जातो, आणि दर महिन्याला मी दोन हजार त्यात जास्तीचे ठेवते, त्याला हात लावायचा नाही. शिवाय सहा ईएमआयएवढी रक्कम एफडीत. भाचीला सांगितलं, हे दोन्ही आधी करा, फ्लॅट नंतर. घर घेताना शेवटचा रुपया जे काढून देतात त्यांच्याकडे नळ गळला तरी पैसे नसतात आणि मग ते भाडेकरूचे फोन उचलत नाहीत. मी अशी घरं बघितलीत. अशा घरात राहिलेय.

पाण्याचं मात्र घर घेण्याआधी विचारलं नव्हतं, ही माझी चूक. धायरी २०१७ पासून महापालिकेत आहे, पण उन्हाळ्यात टँकरवर बरंच अवलंबून, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये वाढून येतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, पाण्यावर संशय होता, तेव्हा भाडेकरणीने मला रात्री दहाला फोन केला होता, ताई, मुलांना कुठलं पाणी देऊ? मी दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकांना भेटून टाकी साफ करून क्लोरीन टाकायला लावलं आणि भाडेकरणीकडे एक मोठं पातेलं नेऊन दिलं पाणी उकळायला. फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटचा सोफा बघू नका, सोसायटीच्या ऑफिसात बसून मागच्या बारा महिन्यांची टँकरची बिलं मागा.

भाचीचा फ्लॅट बांधकाम चालू असलेला आहे, तो वेगळा प्रकार. त्यावर ५ टक्के जीएसटी (पंचेचाळीस लाखांच्या आतला आणि मापात बसणारा असेल तर १ टक्का), ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) आल्यावर घेतला तर शून्य. ताबा मिळेपर्यंत भाडं नाही पण व्याज सुरू. तिला म्हटलं, महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्ट काढ, पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढे ढकललीये ते बघ, बिल्डरने दर तिमाहीला भरलेली माहिती वाच, आणि नोंदवलेलं अॅग्रीमेंट हातात येईपर्यंत १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नकोस, कायद्यानेच तो मागू शकत नाही.

तिच्या नवऱ्याने शेवटी विचारलं, मावशी, विकलात तर? हेही गणित वहीच्या मागच्या पानावर आहे. समजा २०२५-२६ मध्ये पासष्ट लाखांना विकला असता. खरेदी नि स्टॅम्प-रजिस्ट्रेशन मिळून खर्च बावन्न लाख ऐंशी हजार. साडेबारा टक्क्यांच्या नव्या पद्धतीने नफ्यावर टॅक्स दीड लाख. पण जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा जुना पर्यायही आहे, त्याने साडेसत्तेचाळीस हजार. एक लाखाचा फरक. आणि तो मिळवायला प्रत्येक पावती हवी. सध्या मी विकत नाहीये.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटला अठरा हजार काढायचे की आणखी एक वर्ष ढकलायचं यावर. भाड्याने देणारे मालक सहसा येत नाहीत मीटिंगला. मी जाणार आहे, काढा म्हणून हात वर करायला. फ्लॅटच्या खात्यात एक्केचाळीस हजार आहेत, आज सकाळी बघितले. उजवीकडच्या पानावर ओळ आखून ठेवलीये, तारीख तेवढी घालायची बाकी आहे.